मिसरी, मावा आणि पेशीपटल

१९७२ साली दोन शोधनिबंध छापून आले. एकाच्या लेखकांना दुसऱ्याची गंधवार्ताही नसावी. पहिला ‘सायन्स’मधला, सिंगर आणि निकोल्सन यांचा. पेशीचे पटल म्हणजे मेदरेणूंचा दुहेरी, प्रवाही थर, आणि त्यात काही रुतलेली, काही तरंगणारी, काही आरपार गेलेली प्रथिने, असे चित्र त्यांनी मांडले. आजही शाळेच्या पुस्तकात तेच असते. दुसरा निबंध ‘इंटरनॅशनल जर्नल ऑफ कॅन्सर’मधला. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतल्या दंतसंशोधन विभागाचे फली मेहता, त्यांचे सहकारी प्रकाश गुप्ता व दफ्तरी, आणि डेन्मार्कचे येन्स पिंडबोर्ग ही त्यातली मुख्य नावे. पुणे जिल्ह्यातल्या खेड्यांत घरोघर जाऊन १,०१,७६१ माणसांची तोंडे तपासल्याचा तो अहवाल होता. त्यात मिसरी लावणाऱ्या बायकांचे प्रमाण ३९ टक्के निघाले, पुरुषांचे एक टक्क्याहूनही कमी.

पहिल्या निबंधात माणूस नाही आणि दुसऱ्यात पेशी नाही. आज आपण ज्या विषयाच्या उंबऱ्याशी उभे आहोत तो या दोहोंच्या मधल्या जागेत वाढला: पेशीपटलावरचे एखादे प्रथिन तोंडाच्या कर्करोगाची वाढ कशी घडवते, आणि त्या रुग्णाचे पुढे काय होते. ही प्रस्तावना शिरूर आणि दौंड डोळ्यांसमोर ठेवून लिहिली आहे. या दोन तालुक्यांत मिसरी आणि मावा शेजारी शेजारी नांदतात, आणि माझ्या मते या शास्त्रातला एक मोठा गुंता नेमका तिथेच सुटू शकतो.

मिसरी म्हणजे तव्यावर काळी होईपर्यंत भाजून कुटलेली तंबाखू. सकाळी चुलीपाशी बसून बोटाने हिरड्यांना लावायची. दात घासायचे निमित्त असते, पण दुपारी पुन्हा लावली जाते आणि रात्रीही. भाजण्यामुळे तंबाखूतल्या नायट्रोसअमाइनांच्या जोडीला बेंझोपायरीनसारखे जळकट पदार्थ तयार होतात. सुपारी मात्र तिच्यात नसते. मावा याच्या उलट. किसलेली सुपारी भरपूर, चिमूटभर तंबाखू, वर ओला चुना, आणि हे सगळे प्लास्टिकच्या कागदात घालून टपरीवर मळून दिले की झाली पुडी. रांजणगाव आणि कुरकुंभच्या एमआयडीसीतली रात्रपाळी असो, न्हावरे किंवा पाटसच्या कारखान्याचा ऊस हंगाम असो, दौंड जंक्शनवर गाडीची वाट पाहणारी पोरे असोत, गालफडात पुडी दिसते. राज्य सरकारने २०१२च्या जुलैत गुटख्यावर बंदी घातली. माव्याला कारखाना लागत नाही, त्यामुळे त्याचे फारसे काही अडले नाही. २०१६-१७च्या राष्ट्रीय तंबाखू पाहणीत महाराष्ट्रातले २४.४ टक्के प्रौढ धूरविरहित तंबाखू वापरणारे निघाले. धूम्रपान करणारे अवघे ३.८ टक्के. आपल्याकडे तंबाखू ओढली जाते त्याच्या कितीतरी पट ती तोंडात धरली जाते.

तोंडात धरणे या क्रियेचा पेशीच्या दृष्टीने अर्थ काय? गालाच्या आतले अस्तर अनेक थरांचे असते. सगळ्यात खालचा थर एका पातळ पायापटलावर बसलेला. त्याखाली तंतू, रक्तवाहिन्या, तंतूजनक पेशी. पुडीतून सुटणारी रसायने लाळेत विरघळतात आणि आत झिरपतात. त्यांतली काही थेट जनुकद्रव्याला जाऊन चिकटतात, आणि उत्परिवर्तने होतात. कर्करोगाची ही गोष्ट बहुतेकांना ऐकून माहीत असते. दुसरी गोष्ट कमी सांगितली जाते. निकोटिनला पकडणारे ग्राहक केवळ मेंदूत आणि स्नायूंवर नाहीत, तोंडाच्या अस्तराच्या पेशींवरही आहेत, आणि तंबाखूतले एक जहाल नायट्रोसअमाइन, एनएनके, त्यांतल्या काहींना निकोटिनपेक्षाही घट्ट बसते. म्हणजे जनुकाला धक्का लागण्याच्या आधीपासून पेशीपटलावर हालचाल सुरू झालेली असते. सुपारीचेही तसेच. तिच्यातले अरेकोलिन हे अल्कलॉइड मस्कारिनी ग्राहकांवर बसते. तेही पटलातलेच प्रथिन.

इथे या विषयातले माझे आवडते उदाहरण येते. त्याच्यापाशी मी जरा रेंगाळणार आहे.

इंटिग्रिन हा पटलप्रथिनांचा एक वंश. प्रत्येक इंटिग्रिन दोन साखळ्यांचे बनते, एक अल्फा आणि एक बीटा. माणसात १८ अल्फा आणि ८ बीटा आहेत, त्यांच्या २४ जोड्या जमतात. जोडीचे डोके पेशीबाहेर, शेपटी पेशीच्या आत. बाहेर काय आहे ते डोक्याने धरायचे आणि त्याची खबर शेपटीने आत पोचवायची. आतून निरोप आला तर पकड सैल किंवा घट्ट करायची. बीटा-६ ही साखळी एकपत्नीव्रती आहे, ती फक्त अल्फा-व्हीशीच जोडी करते. या जोडीला अल्फा-व्ही-बीटा-६ म्हणतात. आपण पुढे नुसते बीटा-६ म्हणू. निरोगी गालाच्या अस्तरात बीटा-६ जवळपास नसते. जखम झाली की कडेच्या पेशींवर ते उगवते, जखम भरली की मावळते. कर्करोगात मात्र ते उगवते आणि राहते.

त्याचे मुख्य काम १९९९ साली मंगर, शेपर्ड आणि सहकाऱ्यांनी ‘सेल’मध्ये दाखवले. टीजीएफ-बीटा नावाचा एक वाढघटक ऊतीत नेहमीच साठवलेला असतो, पण एका प्रथिनाच्या वेष्टनात बंद, निष्क्रिय. बीटा-६ त्या वेष्टनाला पकडून ओढते आणि आतला टीजीएफ-बीटा मोकळा होतो. मोकळा झाला की खालच्या तंतूजनक पेशी जाग्या होतात आणि कोलॅजन विणायला लागतात. जखमेत हेच हवे असते. पण कुणी रोज दहा पुड्या गालात धरून त्या जागेला कायमच जखम झाल्याच्या भ्रमात ठेवले तर?

उत्तर आपल्या डोळ्यांसमोर आहे. तोंड उघडत नाही. आधी तिखट सोसवत नाही, मग गाल आतून पांढुरका आणि चामड्यासारखा होतो, मग तीन बोटे उभी आत जात नाहीत, शेवटी घास भरवायला चमचाही कसाबसा जातो. वैद्यकात याला मुखातील उपश्लेष्मल तंतुमयता म्हणतात, दवाखान्यात नुसते एसएमएफ. १९५२ साली श्वार्ट्झ यांनी केनियात राहणाऱ्या भारतीय स्त्रियांमध्ये ही अवस्था पहिल्यांदा नोंदवली, आणि पुढच्याच वर्षी मुंबईच्या जोशी यांनी इथले रुग्ण मांडले. इंटिग्रिन या वंशाला नाव देणाऱ्यांपैकी एक, रिचर्ड हाइन्स, यांचा जन्मही नैरोबीचा. योगायोगच, पण अशा योगायोगांनी विषय लक्षात राहतो. एसएमएफ ही कर्करोगाची पूर्वावस्था आहे. एर्नाकुलमच्या रुग्णांचा १७ वर्षे पाठपुरावा केला तेव्हा ७.६ टक्क्यांत कर्करोग झालेला आढळला.

२०११ साली इंग्लंडमधल्या गॅरेथ थॉमस यांच्या गटाने दोन्ही टोके जोडली. अरेकोलिन घातले की अस्तराच्या पेशींवरचे बीटा-६ वाढते, आणि ती वाढ एम-४ या मस्कारिनी ग्राहकामार्फत होते, असे त्यांनी दाखवले. एसएमएफच्या अनेक नमुन्यांत बीटा-६ ठळक सापडलेही. म्हणजे साखळी अशी लागते: सुपारी, अरेकोलिन, एम-४ ग्राहक, बीटा-६, टीजीएफ-बीटा, कोलॅजन, आखडलेला गाल. यातल्या दोन कड्या पेशीपटलातल्या आहेत. शिक्रापूरच्या टपरीपासून प्रथिनाच्या शेपटीपर्यंत इतकी सलग वाट दाखवणारे दुसरे उदाहरण मला तरी ठाऊक नाही.

कर्करोग जडल्यावर हेच बीटा-६ आणखी उद्योग करते. त्याच्या शेपटीला ११ अमिनो आम्लांचा एक जादा तुकडा आहे, तो इतर बीटा साखळ्यांना नाही. पायापटल कुरतडणारी एमएमपी-९सारखी विकरे वाढवण्यात त्याचा हात असतो. मोकळ्या झालेल्या टीजीएफ-बीटामुळे शेजारच्या तंतूजनक पेशी ताठर, आकुंचन पावणाऱ्या पेशींत बदलतात आणि उलट गाठीच्याच पेशींना पुढे सरकायला मदत करतात. अशा बदललेल्या पेशी गाठीभोवती जितक्या दाट तितके रुग्णांचे मृत्यू जास्त, असे याच इंग्लिश गटाने दाखवले. विशेष म्हणजे रुग्णाचे भवितव्य सांगणारी ठळक खूण इथे कर्कपेशीत सापडली नाही, तिच्या शेजाऱ्यांत सापडली.

आता वाचक म्हणेल, मग झाले की: बीटा-६ जास्त तर रोग वाईट. थांबा.

टाटा स्मारक रुग्णालयातल्या पंकज चतुर्वेदी आणि सहकाऱ्यांनी तोंडाच्या कर्करोगाचे रुग्ण दोन गटांत पाहिले, एसएमएफच्या पार्श्वभूमीवर झालेला कर्करोग आणि तसा नसलेला. एसएमएफवाले वयाने लहान निघाले. पण त्यांच्या गाठी पेशींच्या ठेवणीने कमी उग्र होत्या, मानेतल्या लसिकाग्रंथींत त्या कमी पसरलेल्या होत्या आणि उपचारांचे फळही बरे मिळाले. ज्या यंत्रणेने गाल आखडला तीच कदाचित लसिकावाहिन्याही आवळून धरते. कदाचित तोंड उघडत नाही म्हणून माणूस लवकर दवाखान्यात येतो. शिवाय टीजीएफ-बीटा स्वतः दुतोंडी आहे. सुरुवातीला तो अस्तराच्या पेशींची वाढ रोखतो, एसएमएफमध्ये अस्तर पातळ होते ते काही अंशी त्यामुळेच. पुढे त्या पेशी त्याचे ऐकेनाशा झाल्या की तोच त्यांना पळायला शिकवतो. एकच प्रथिन, एकच वाढघटक, पण रोगाच्या कोणत्या पायरीवर आणि कोणत्या गालात, यावर त्याचा अर्थ ठरतो.

हा विषय शिकताना मनाशी धरायची गोष्ट मला हीच वाटते. पटलप्रथिन किती आहे हा प्रश्न सोपा आहे म्हणून सगळे तोच विचारतात. ते कुठे आहे, कशाला धरून आहे, आणि ज्याच्या तोंडात आहे तो माणूस काय खात होता, हे प्रश्न अवघड आहेत, आणि उत्तरे त्यांच्यातच दडलेली आहेत.

याच वंशातले दुसरे उदाहरण पाहा. अल्फा-६-बीटा-४ हे इंटिग्रिन निरोगी अस्तरात सगळ्यात खालच्या थरात, तेही पेशीच्या बुडाशीच असते. पायापटलाला पेशी खिळवून ठेवायचे हे त्याचे काम. जन्मतः ते नसेल तर नुसत्या स्पर्शाने कातडी फोडासारखी सुटते. १९८०च्या दशकात मिशिगन विद्यापीठात टॉम केरी यांच्या गटाने डोके-मानेच्या कर्कपेशींविरुद्ध उंदरांत प्रतिद्रव्ये तयार केली. त्यांतले एक प्रतिद्रव्य ज्या रेणूला चिकटे त्याला त्यांनी ए-९ असे नाव दिले. तो काय आहे हे कळायच्या आधी तो काय करतो ते कळले: गाठीत त्याची अभिव्यक्ती बदललेली असेल तर रोग लवकर उलटण्याचा धोका जास्त, असा निबंध १९९० साली आला. पुढच्या वर्षी ओळख पटली, ए-९ म्हणजेच अल्फा-६-बीटा-४. रुग्णांच्या भवितव्यापासून सुरू होऊन रेणूपर्यंत पोचलेला हा प्रवास मला फार शिकवणारा वाटतो, कारण नेहमीचा रस्ता उलटा असतो.

बैल खुंट्याला बांधलेला असतो तोवर खुंटा त्याला रोखतो. खुंट्यासकट उधळला की तोच खुंटा हत्यार होतो. कर्कपेशीत बीटा-४ असेच बुडाशी न राहता पेशीच्या चहूबाजूंना पसरते, त्याची भलीमोठी शेपटी वाढीच्या संकेतांना जोडली जाते, आणि जे धरून ठेवायचे ते ढकलायला लागते. खारघरच्या ॲक्ट्रेक या टाटा स्मारक केंद्राच्या संशोधन संस्थेत मिलिंद वैद्य यांच्या प्रयोगशाळेने यात मोलाची भर घातली. त्यांनी ज्या पेशींवर काम केले त्याही मुंबईच्याच, तिथल्या कॅन्सर रिसर्च इन्स्टिट्यूटमध्ये जिभेच्या कर्करोगापासून वाढवलेल्या. त्या पेशींतले केराटिन-८ त्यांनी दाबून टाकले. केराटिन हे पेशीच्या आतले तंतू, पटलाशी त्यांचा थेट संबंध नाही असे वाटावे. पण ते दबताच पटलावरचे अल्फा-६-बीटा-४ कमी झाले, पेशींची हालचाल आणि घुसखोरी मंदावली, उंदरांत गाठी धरण्याची ताकद घटली. २०११चे हे काम आहे. पटलप्रथिनाला आतूनही धरून ठेवणारे कुणीतरी असते, हे त्यातून कळते.

औषधांच्या बाजूची गोष्ट थोडक्यात सांगतो, कारण ती तुम्हाला वर्तमानपत्रांतून अर्धवट माहीत असेल. ईजीएफआर हे या क्षेत्रातले सर्वांत प्रसिद्ध पटलप्रथिन. ज्या वाढघटकाला ते धरते तो स्टॅन्ली कोहेन यांनी उंदरांच्या पिल्लांचे डोळे लवकर उघडतात या निरीक्षणावरून शोधला आणि १९८६चे नोबेल मिळवले. डोके-मानेच्या बहुसंख्य गाठींत ईजीएफआर भरभरून असते, आणि जिथे जास्त तिथे रोग उग्र, हे १९९०च्या दशकापासून वारंवार दिसले. साहजिकच त्याला रोखणारी प्रतिद्रव्ये आली. सेटुक्सिमॅबची २००६ची गाजलेली चाचणी तुम्हाला जागोजागी सापडेल: किरणोपचारासोबत ते दिल्याने मध्यक आयुर्मान २९.३ महिन्यांवरून ४९ महिन्यांवर गेले. पण बारीक अक्षर वाचा. त्या चाचणीत घसा आणि स्वरयंत्राचे रुग्ण होते. मुखपोकळीचे, म्हणजे गालफड, हिरडी, जीभ यांचे रुग्ण घेतलेच नव्हते. आपल्याकडचा रोग मुख्यतः तिथला. परदेशी आकडा दौंडच्या रुग्णाच्या कागदावर उतरवण्याआधी एवढे तरी पाहायला हवे.

मुंबईत टाटा रुग्णालयाने निमोटुझुमॅब या दुसऱ्या ईजीएफआरविरोधी प्रतिद्रव्याची ५३६ रुग्णांवर चाचणी केली. केमो-किरणोपचाराला ते जोडल्यावर दोन वर्षे रोग न वाढलेल्यांचे प्रमाण वाढून ६१.८ टक्के झाले. एकूण जगण्यातला फरक मात्र संख्याशास्त्राच्या कसोटीला उतरला नाही. प्रथिन भरभरून आहे म्हणजे गाठ त्याच्यावरच जगते असे नाही, याचा हा धडा. त्याच रुग्णालयातल्या विजय पाटील, वनिता नरोन्हा, कुमार प्रभाश यांच्या गटाचे नंतरचे काम मला अधिक मोठे वाटते. बरे होण्यापलीकडे गेलेल्या १५१ रुग्णांत त्यांनी मेथोट्रेक्सेट, सेलेकॉक्सिब आणि एर्लोटिनिब या स्वस्त गोळ्या दिल्या. एर्लोटिनिब ईजीएफआरला पेशीच्या आतल्या बाजूने रोखते. निम्म्यांना जोडीला निव्होलुमॅब दिले, पण नेहमीच्या २४० मिलिग्रॅमऐवजी तीन आठवड्यांतून एकदा २० मिलिग्रॅम. निव्होलुमॅब पीडी-१ या प्रथिनाला धरते, आणि ते कर्कपेशीवर नसते, लढणाऱ्या पांढऱ्या पेशीच्या पटलावर असते. एक वर्षानंतर हयात असलेल्यांचे प्रमाण १६.३वरून ४३.४ टक्क्यांवर गेले. किमतीमुळे ज्यांना हे औषध कधीच मिळाले नसते त्यांचा विचार करून आखलेली ही चाचणी. आपल्या भूमीवर विचारलेल्या प्रश्नाला असे फळ येते.

आता रुग्णाचे पुढे काय होते या भागाकडे वळू. इथे प्रयोगशाळा मागे पडते आणि एसटी पुढे येते.

तोंडात चट्टा उठला की आपल्याकडे पहिला निष्कर्ष ‘उष्णता वाढली’ हा असतो. मग बी-कॉम्प्लेक्सच्या गोळ्या, मलम, कुणीतरी सांगितलेले गुलकंद. गाठ हाताला लागते तेव्हा शिरूरहून नगर रस्त्याने, दौंडहून रेल्वेने पुण्याला, ससूनला. काहींना पुढे मुंबईला, परळच्या टाटा रुग्णालयात. भारतात वर्षाला तोंडाच्या कर्करोगाचे सुमारे १ लाख ४० हजार नवे रुग्ण होतात, त्यांतले कितीतरी असे उशिरा पोचतात. पोचल्यावर नमुना काढतात, तो मेणात बसवतात, पातळ काप घेऊन रंगवतात. बीटा-६ किंवा ईजीएफआर पाहायचे तर त्याचे प्रतिद्रव्य लावून तपकिरी रंग आणतात आणि पटलावर तो किती उमटला ते मोजतात. मग पुढची काही वर्षे कोण जगला, कोणाचा रोग उलटला, याचा आलेख काढतात. पायऱ्यापायऱ्यांनी उतरणारा हा आलेख १९५८ साली कॅप्लन आणि मायर यांनी दिला.

त्या आलेखावर तुम्हाला बारीक उभ्या खुणा दिसतील. ती खूण अनेकदा तपासणीला यायचा बंद झालेल्या माणसाची असते. शेवटचा आला तोवर जिवंत होता, पुढचे माहीत नाही. गणित असे मानते की यायचे बंद झालेले आणि येत राहिलेले यांचे नशीब सारखेच. परदेशात हे बहुधा खपून जाते, कारण तिथे माणूस गाव बदलतो म्हणून सुटतो. आपल्याकडे माणूस यायचा थांबतो तो पैसे संपले म्हणून, ऊसतोडीची टोळी दुसऱ्या कारखान्यावर गेली म्हणून, किंवा आता उठवतच नाही म्हणून. तिसरे कारण असेल तर आलेख खोटे बोलतो, आणि त्या खोट्यावर बेतलेले ‘हे प्रथिन असेल तर आयुष्य कमी’ हे विधानही डळमळते. पटलप्रथिनांवरचे निबंध वाचताना मी तपकिरी रंगाच्या सुंदर छायाचित्रांकडे नंतर पाहतो. आधी किती रुग्ण वाटेत सुटले ते शोधतो. तुम्हीही ही सवय लावून घ्या.

शिरूर तालुक्याला या बाबतीत एक मोठा वारसा आहे, आणि त्याची जाण फार थोड्यांना असते. वढू बुद्रुक हे गाव संभाजी महाराजांच्या समाधीमुळे सर्वांना माहीत. त्याच वढूच्या परिसरात पुण्याच्या केईएम रुग्णालयाने डॉ. बानू कोयाजी यांच्या पुढाकाराने १९७०च्या दशकात ग्रामीण आरोग्याचे काम उभे केले. गावातल्याच लोकांना शिकवून घरोघर पाठवणारे ते काम; कोयाजींना १९९३ साली मॅगसेसे पुरस्कार मिळाला. पुढे २००२पासून शिरूर आणि हवेली तालुक्यांतल्या गावांत लोकसंख्येची सलग नोंद ठेवली जाऊ लागली: कोण जन्मले, कोण वारले, कोण आले, कोण गेले. कर्करोगापुरते असेच काम सोलापूर जिल्ह्यात बार्शीने १९८७ साली सुरू केले, ती देशातली पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी. आलेखावरच्या त्या उभ्या खुणा पुसायची ताकद अशा वह्यांत असते, कारण माणूस रुग्णालयात आला नाही तरी त्याच्या दारात कुणीतरी जाते.

नव्या खुणेचा उत्साह वाटणे स्वाभाविक आहे, पण तिची स्पर्धा कुणाशी आहे तेही माहीत असावे. गाठ अस्तराखाली किती मिलिमीटर शिरली आहे, हे साध्या सूक्ष्मदर्शकाखाली पट्टी लावून कळते. पाच आणि दहा मिलिमीटर या सीमा आता रोगाच्या अवस्था ठरवतात. अनिल डिक्रूझ आणि टाटाच्या सहकाऱ्यांनी २०१५ साली दाखवले की सुरुवातीच्या अवस्थेतल्या रुग्णाच्या मानेतल्या ग्रंथी, त्या हाताला लागत नसल्या तरी, पहिल्या शस्त्रक्रियेतच काढल्या तर तीन वर्षांनी हयात असलेले ६७.५वरून ८० टक्क्यांवर जातात. तिरुवनंतपुरम जिल्ह्यात प्रशिक्षित कार्यकर्त्यांनी नुसते विजेरी लावून तोंड पाहिले, आणि तंबाखू-दारूचे व्यसन असलेल्यांत तोंडाच्या कर्करोगाचे मृत्यू ३४ टक्क्यांनी घटले. ज्या पटलप्रथिनाला आपले नाव लावायचे आहे त्याने या तिन्ही गोष्टी कळल्यानंतर आणखी काही सांगितले पाहिजे. २००५ साली ठरलेली ‘रिमार्क’ ही नियमावली नव्या खुणांच्या निबंधांकडून हेच मागते. तरीही असे निबंध येत राहतात जे खोली मोजत नाहीत आणि रेणू मोजतात. त्यांचा मला मनापासून कंटाळा आहे.

प्रथिनांची खरी गरज कुठे आहे तेही सांगायला हवे. दोन रुग्णांची गाठ सारख्या खोलीची, ग्रंथी दोघांच्या स्वच्छ, वय सारखे. एकाचा रोग आठ महिन्यांत उलटतो, दुसरा नातवंडांची लग्ने पाहतो. हा फरक पट्टीला दिसत नाही. तो गाठीच्या पुढच्या टोकाला, जिथे चार-पाच पेशी घोळक्याने तंतूंत शिरतात तिथे, पटलावर कुठेतरी लिहिलेला असण्याची शक्यता मोठी. बीटा-६ नेमके तिथेच दाट असते. आणि पटलावरची प्रथिने बाहेरून पकडता येतात, पेशीत शिरावे लागत नाही, म्हणून आजची खूण उद्याचे लक्ष्य होऊ शकते.

या विषयात येणाऱ्यांत तरुण दंतवैद्य पुष्कळ असतील, शिरूर-दौंडच्या बाजारपेठेत खुर्ची टाकून बसलेलेही. त्यांच्या हातात एक कागद असतो, नमुन्यासोबत पुण्याला पाठवायचा अर्ज. त्यावर व्यसनाच्या रकान्यात बहुतेक वेळा ‘तंबाखू: होय’ एवढेच असते. पण मिसरीत सुपारी नाही, माव्यात ती जवळपास सगळी आहे. अरेकोलिनची वाट बीटा-६कडे जाते. भाजलेल्या तंबाखूची वाट दुसरीकडून असणार. चाळीस वर्षे मिसरी लावलेल्या म्हातारीची हिरडी आणि सहा वर्षे मावा खाल्लेल्या पंचविशीतल्या पोराचा गाल एकाच ‘होय’मध्ये टाकले की प्रयोगशाळेत दोन्ही काप शेजारी ठेवून रंगवले तरी हाती सरासरीच लागते. म्हणून त्या रकान्यात मिसरी की मावा की दोन्ही, किती वर्षे, पुडी कोणत्या बाजूला धरायची सवय, आणि तोंड किती मिलिमीटर उघडते, एवढे लिहून पाठवा. रकाना पुरला नाही तर कागदाची मागची बाजू वापरा, आणि घरातल्या कुणाचा तरी, शक्यतो न बदलणारा, फोन नंबर घ्या.